थीम पार्कात माणसं हातघाईवर का येतात?

सायली_टॅम्पा

जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या टूनटाउन भागात एकाच घरातली माणसं लहान मुलांच्या देखत एकमेकांना बुकलत होती, तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तीन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, इकडे फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या डिस्नेवर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कात दोन कुटुंबं भिडली. बातम्यांत आलं ते असं, की रांगेतली एक बाई विसरलेला फोन आणायला बाहेर गेली. परत आपल्या माणसांजवळ जायला लागली तर मधल्यांनी वाट दिली नाही. शब्दाला शब्द लागला आणि शो संपल्यावर बाहेर हाणामारी झाली.

आम्ही टॅम्पाला राहतो, ऑर्लँडो तासा-दीड तासावर. भारतातून पाहुणे आले की पार्काची फेरी ठरलेलीच. हाणामारी क्वचित दिसते, पण दुपारी तीननंतर नवरा-बायकोची, बाप-लेकाची, दोन अनोळखी कुटुंबांची धुसफुस जिकडेतिकडे दिसते. पदरचे पैसे मोजून, सुट्टी काढून, हौसेने आलेली माणसं ही. त्यांना 'असंस्कृत' म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. मला वाटतं यात जागेचा आणि रांगेचा मोठा हात आहे. तुम्ही काय पाहिलंत? भांडण नेमकं कशावरून पेटतं आणि कशाने विझतं?

परखड

जागेला कशाला दोष? घरी जे शिकवलेलं असतं तेच बाहेर दिसतं. रांगेत हजार माणसं उभी असतात, मारामारी दोघंच करतात.

मुक्ताई

@परखड, हजारांतले ते दोघं एरवी बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर उभे राहतातच की. तिथे का नाही गुद्दागुद्दी करत?

वाचतेय. चांगला धागा.

रांगशास्त्री

माझं कामच प्रतीक्षेचे वेळ मोजण्याचं आहे (दवाखाने आणि विमानतळ, पार्क नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, तो आजही आमच्याकडे पहिल्या दिवशी वाचायला देतात. त्यातलं सार असं: हाताला काही काम नसेल तर वेळ लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसेल तर आणखी लांब, कारण कळत नसेल तर त्याहून लांब, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तर तो सोसवतच नाही. पार्कवाल्यांना यातलं पहिलं चांगलं जमतं. रांग वळणावळणाने नेतात, एकदम सगळी दिसू देत नाहीत, वाटेत देखावे, गाणी, बटणं दाबायचे खेळ. पाटीवर वेळ लिहितात तोही बऱ्याचदा थोडा वाढवून. साठ मिनिटं लिहून पंचेचाळिसात आत घेतलं की माणूस खूश.

चौथं मात्र त्यांना जमत नाही. रांगेत घुसण्यावर मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे, १९८६ साली प्रसिद्ध झालेला. न्यूयॉर्कमधल्या शंभराहून जास्त रांगांत त्यांनी मुद्दाम माणसं घुसवली. हरकत घेतात ते मुख्यतः घुसणाऱ्याच्या मागचे, पुढचे फारसे लक्ष देत नाहीत. एकाऐवजी दोघं घुसले तर विरोध वाढतो. आणि लगेच मागचा माणूस गप्प राहिला तर त्याच्या मागचेही बरेचदा गप्प राहतात. म्हणजे रांग राखायचं काम रांगेतलीच माणसं करतात, आणि ते ज्याच्या वाट्याला येतं त्याला ना अधिकार असतो ना कोणाचा पाठिंबा. तो आधी 'एक्स्क्यूज मी' म्हणतो, मग आवाज चढवतो. २०२२ ची ती फोनवाली घटना अशीच घडली.

आईशप्पथ

शास्त्र ठीक आहे, पण दुपारचे तीन वाजले की सगळ्यात आधी पोटाकडे बघा. सकाळी पाचला उठवलेलं चार वर्षांचं पोर, त्याची दुपारची झोप बुडालेली, हातात आइस्क्रीम, ते कोपरापर्यंत ओघळलेलं. ओल्या पुसण्या संपलेल्या. नवरा मोबाइलवर पुढच्या राइडची वेळ शोधतोय आणि सासूबाई विचारताहेत, "आता कुठे बसायला मिळेल का गं?" अशा वेळी मागच्याच्या स्ट्रोलरचं (बाबागाडीचं) चाक टाचेवर आलं की मला आधी ओरडायचंच सुचतं.

हा स्ट्रोलरचा विषय अमेरिकेतल्या डिस्नेवाल्यांनाही हाताळावा लागला. १ मे २०१९ पासून ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठे स्ट्रोलर आत चालत नाहीत, ओढायच्या गाड्याही बंद केल्या. आमच्यासारख्या जुळ्यांच्या आयांना तेव्हा वाईट वाटलं होतं, पण पार्कातल्या कार्टून पात्रांच्या मिरवणुकीच्या वेळी त्या गर्दीतून चालून बघा, नियम का केला ते कळतं.

पावसाळी_ढग

उन्हाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? ऑर्लँडोला जून-जुलैत पारा ३३-३४ आणि हवा अशी दमट की घाम वाळतच नाही. मुंबईच्या मे महिन्यात दिवसभर उघड्यावर उभं राहण्यासारखं. अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्यांचा अभ्यास झालाय (१९९१). दिवस जितका तापलेला तितके गोलंदाजाचे चेंडू फलंदाजाच्या अंगावर जास्त आदळले. ती तर सरावलेली, पगारी खेळाडू माणसं.

घाटपांडे_डलास

मी पैशावर बोट ठेवतो.

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता. मशिनमध्ये तिकीट घालायचं, वेळेची चिठ्ठी घ्यायची, त्या वेळेला येऊन छोट्या रांगेतून आत जायचं. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आली, फ्लोरिडात सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. २०२४ मध्ये नाव बदलून लायटनिंग लेन मल्टी पास झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी प्रीमियर पास (वेळ न ठरवता कधीही छोट्या रांगेतून जायचा) आला, ज्याची मॅजिक किंगडममधली गर्दीच्या दिवसांतली किंमत माणशी ४४९ डॉलरपर्यंत गेली. हे प्रवेशाच्या तिकिटावर वेगळं.

आता दोन्ही रांगा राइडजवळ जिथे एकत्र येतात तिथे उभे राहून बघा. तिथला मुलगा पैसेवाल्या रांगेतली माणसं घेतो, घेतो, घेतच राहतो, मग साध्या रांगेतले थोडे. तास-दीड तास उभा असलेला बाप हे सगळं अगदी समोर बघतो. त्याने तिकिटाचे पैसे कमी दिलेले नाहीत. पार्काच्या मालकाशी त्याला भांडता येत नाही, म्हणून तो पुढच्या कुटुंबातल्या घुसलेल्या पोरावर चिडतो.

टोकियोकर

@घाटपांडे_डलास, पैशाचा मुद्दा पूर्ण पटला नाही. टोकियो डिस्नेलँडमध्येही २०२२ पासून पैसे देऊन लवकर आत जायची सोय आहे, गर्दीही तुडुंब. मी इतकी वर्षं इथे आहे, पार्कात चढलेले आवाज क्वचित ऐकले. समाजाची शिस्त हा मुद्दा आहेच, @परखड यांचं अगदीच चूक नाही.

परखड

धन्यवाद. कोणीतरी बोललं.

सायली_टॅम्पा

@टोकियोकर, मिरवणुकीला जागेवरून भांडणं होत नाहीत का? इकडे त्यावरूनच जास्त होतात. माणसं तासभर आधीपासून कडेला बसतात आणि ऐन वेळी कोणीतरी पुढे येऊन पोराला खांद्यावर घेतं.

टोकियोकर

नाही होत. इथे मिरवणुकीच्या साधारण तासभर आधीपासून चटई अंथरून बसता येतं, त्याआधी अंथरायची नाही. पुढच्या ओळींनी बसायचं, मागच्यांनी उभं राहायचं. पोराला खांद्यावर घेतलंच कोणी, तर कर्मचारी लगेच येऊन वाकून विनंती करतो. त्यामुळे शेजारच्याला तोंड उघडावंच लागत नाही.

रांगशास्त्री

तुमच्याच उत्तरात माझा मुद्दा आला की! नियम आधीपासून माहीत, सगळ्यांना एकच, आणि तो पाळायला लावणारा माणूस पार्काचा. शिस्त आहे, पण तिला कोणीतरी रोज पाणी घालतं.

लाटांचा_राजा

मी मुंबईजवळच्या एका वॉटर पार्कात काही उन्हाळे लाइफगार्ड आणि नंतर सुपरवायझर होतो. आतली बाजू सांगतो.

भांडणं ठरलेल्या जागी होतात. पहिली जागा कॉस्च्युमचं काउंटर. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत हे लोकांना गेटवर कळतं, मग भाड्याचा नायलॉनचा पोशाख घ्यायचा, त्याची अनामत वेगळी. माणूस पाण्यात पाय ठेवायच्या आधीच वैतागलेला. दुसरी जागा लॉकर. तिसरी, आणि सगळ्यात वाईट, स्लाइडच्या खालची ट्यूबची जागा. वर चढायला ट्यूब लागते, ट्यूब कमी, माणसं जास्त. वरून कोणी घसरत आला की त्याच्या ट्यूबवर तिघं टपलेले. तो उठायच्या आत ओढाओढी. ओलं अंग, पायाखाली शेवाळलेली फरशी, एक घसरला की त्याला वाटतं ढकललं. आम्ही नंतर तिथे एक मुलगा उभा केला. ट्यूब त्याच्याच हातात, तो ओळीने देणार. त्या कोपऱ्यातली भांडणं जवळजवळ थांबली.

चौथी वेळ संध्याकाळची. वेव्ह पूलची शेवटची लाट कधी, हे विचारत माणसं शिट्टीकडे डोळे लावून असतात, कारण साडेपाचला बस सुटणार आणि सर हाका मारताहेत.

आणखी एक. वीज गेली किंवा आभाळ गडगडलं की स्लाइड बंद करावी लागते. आम्हाला वरून सांगितलेलं असायचं, "पाच मिनिटांत चालू होईल म्हणा." पाचाची पंचवीस झाली की लोक आमच्या अंगावर यायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. मी सुपरवायझर झाल्यावर पोरांना सांगितलं, माहीत नसेल तर "माहीत नाही, अर्ध्या तासाने परत सांगतो" म्हणा आणि अर्ध्या तासाने खरंच जाऊन सांगा. शिव्या कमी झाल्या.

बाकी, दारू पिऊन येणारे ग्रुप असतात, ते वेगळं प्रकरण. ते गेटवरच थांबवायचे.

मुक्ताई

@लाटांचा_राजा, काय सुंदर प्रतिसाद! ट्यूबवाला मुलगा फार आवडला.

कट्टेकरी

दारूवर बरंच खापर फुटतं म्हणून एक गोष्ट: मॅजिक किंगडममध्ये २०१२ पर्यंत पाहुण्यांना दारू मिळतच नव्हती, आजही मोजक्याच ठिकाणी मिळते. डिस्नेवर्ल्डच्याच एपकॉट पार्कात मात्र वेगवेगळ्या देशांच्या मंडपांतून पेला हातात घेऊन फिरणारे भरपूर. तरी २०२२ ची मारामारी मॅजिक किंगडममध्येच झाली.

आजोळ

पूर्वी लोक समजूतदार होते हो. आता सगळ्यांना घाई.

हाँगकाँगी_मराठी

@आजोळ, पूर्वीचं चित्र फार वेगळं नव्हतं. डिस्नेलँड उघडलं तो दिवस, १७ जुलै १९५५. बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, खोटी निमंत्रणं छापली गेली होती. पारा ३८ च्या आसपास, नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे, आणि लोकांना वाटलं शीतपेय खपवायला मुद्दाम बंद ठेवलेत. उन्हापेक्षा हा संशय जास्त बोचला असणार.

आमच्याकडचं २००६ चं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. हाँगकाँगचं डिस्नेलँड उघडून वर्षही झालं नव्हतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चिनी नववर्षाची सुट्टी चालू होती. ठराविक गर्दीचे दिवस सोडले तर पार्काचं तिकीट सहा महिन्यांत कधीही चालणार होतं, त्यामुळे उद्या किती जण येतील हे कोणालाच सांगता येईना. आत जागा संपली, दारं बंद झाली, बाहेर मुख्य भूमीवरून सहलींच्या बसमधून आलेली, हातात वैध तिकीट असलेली कुटुंबं. माणसं कुंपणावरून चढली, लहान पोरांना फाटकावरून पलीकडे दिलं. वर्तमानपत्रांनी त्यांच्या वागण्यावर बरंच तोंडसुख घेतलं. मला त्यांची बाजू समजते. वर्षभर साठवलेले पैसे, एकच दिवस, आणि तिकीट असून दार बंद.

घाटपांडे_डलास

म्हणजे परत पैसे आणि न्याय! :)

कट्टेकरी

'आमचा माणूस पुढे आहे' या वाक्यावर वेगळा धागा काढायला हवा. एक जण रांगेत उभा, बाकीचे दहा वडापाव खाऊन येतात. (गंमत म्हणून घ्या, आमच्या ग्रुपमध्ये उभा राहणारा मीच असतो.)

आईशप्पथ

पोराला शी-शूला नेऊन परत येणारी आई आणि दहा जणांची टोळी यांत फरक करा प्लीज. मला वाट द्यायलाच हवी, टोळीला नको.

रांगशास्त्री

रांगेतल्या सोळाव्या माणसाला हा फरक कळत नाही, त्याला फक्त घुसणारी पाठ दिसते. अडचण तिथेच आहे. म्हणून आई बाहेर जाताना मागच्यांना सांगून गेली तर सोपं जातं. "मुलाला घेऊन येते, माझे मिस्टर इथे आहेत." परतताना ते स्वतःच सरकतात. आणि छोट्या मुलांसाठी डिस्नेत रायडर स्विच आहे, एक पालक बाळापाशी थांबतो, दुसरा जाऊन आला की पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. भारतातल्या मोठ्या पार्कांनी हे करायला काहीच हरकत नाही.

शाळामास्तर

पोरांच्या टोळ्यांबद्दल. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्ममध्ये तरुण पोरांच्या मारामाऱ्यांनंतर जुलै २०२२ मध्ये नियम आला: १७ आणि त्याखालच्यांसोबत किमान २१ वर्षांचं मोठं माणूस हवं. नंतर अमेरिकेतल्या इतर पार्कांनीही असे नियम आणले. मी दरवर्षी नववीची सहल नेतो आणि हा नियम मला योग्य वाटतो. पोरं वाईट नसतात, पण चार मित्र बघताहेत म्हटल्यावर माघार घेता येत नाही.

मुक्ताई

पोरांचंच कशाला, बापांचंही तेच. बायको-मुलांसमोर कोणी "ए, मागे हो" म्हटलं की तो एरवी साधा असलेला माणूसही आतून पेटतो. त्यात आजूबाजूला दहा मोबाइल वर झालेले. त्या दोघांतल्या कोणालाही मान खाली घालून निघून जायची वाटच ठेवलेली नसते. मोबाइल खिशात ठेवून कोणीतरी नुसतं "दादा, पोरं घाबरली आहेत, चला" म्हटलं तरी बऱ्याचदा पुरतं. आमच्या अण्णांनी एका यात्रेत असंच सोडवलं होतं, दोघांच्या मध्ये आपली पाण्याची बाटली धरून. दोघंही क्षणभर बाटलीकडे बघत राहिले आणि एकाने ती घेतली.

वारीतला

यात्रेवरून आठवलं. पंढरपूरची दर्शनबारी आषाढीला किती तास चालते ते सगळ्यांना माहीत आहे. पार्कातल्या रांगेपेक्षा कितीतरी पट. तिथे माणसं अभंग म्हणतात, शेजारच्याला शेंगदाणे-गूळ देतात. वेळ लागणार हे घरून निघतानाच मनाने धरलेलं असतं. पण बाजूच्या दाराने कोणी ओळखीचा पाहुणा आत गेलेला दिसला की त्याच वारकऱ्याचा पारा चढतो. तासांचं त्याला काही वाटत नाही.

परखड

@वारीतला, तुमचा प्रतिसाद पटला. तरीही हात उचलणं ही त्या माणसाची स्वतःची जबाबदारी, एवढं मी सोडणार नाही.

सायली_टॅम्पा

@परखड, ते मीही सोडत नाही. मारणारा दोषीच. डिस्नेवर्ल्डने २०२२ च्या अखेरीस आपल्या संकेतस्थळावर पाहुण्यांनी एकमेकांशी सौजन्याने वागावं असं ठळक लिहिलं, तेही योग्यच.

पण सगळे प्रतिसाद वाचून माझं मत पक्कं झालंय. ऊन, भूक, थकवा, पैसा यांनी माणूस कड्याच्या टोकावर येऊन उभा राहतो. भांडण पेटतं ते 'माझा हक्क गेला आणि बघायला कोणी नाही' असं वाटतं तेव्हा. ट्यूब देणारा मुलगा, टोकियोतला वाकून सांगणारा कर्मचारी, ही माणसं तिथे असली की पाहुण्यांना एकमेकांचे पोलीस व्हावं लागत नाही. इतकं तिकीट घेणाऱ्या पार्काने प्रत्येक मोठ्या रांगेच्या मध्यावर असा एक माणूस ठेवावा. दाराशी ठेवून उपयोग नाही, तंटा मधल्या वळणावर होतो. सौजन्याचा मजकूर लिहिण्यापेक्षा हे महाग आहे, म्हणून होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाटांचा_राजा

शंभर टक्के. आणि त्या माणसाला बसायला स्टूल आणि प्यायला पाणी द्या. दिवसभर उभा राहिलेला कर्मचारीही संध्याकाळी तोंड टाकतो.

नवी_सून

नमस्कार, उशिरा आले. नाताळच्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना ऑर्लँडोला नेतेय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर घेतली तर वेगळ्या दाराने सोडतात का? लोक चिडतात असं ऐकलं.

सायली_टॅम्पा

स्वागत! तो वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा, शक्य असेल तर जानेवारीच्या मध्यावर ढकला. नाहीच जमलं तर उघडायच्या आधी पोचा, दुपारी एकला बाहेर पडून खोलीवर झोपा, पाचला परत या.

व्हीलचेअर आत भाड्याने मिळते. बहुतेक रांगा आता तिच्यासकट जाता येईल एवढ्या रुंद आहेत, त्यामुळे तुम्ही सगळ्यांबरोबर त्याच रांगेतून जाल. काही जुन्या राइडना वेगळं दार आहे, तिथे कर्मचारी नेतो. दुसरी जी सवलत आहे, रांगेत न थांबता दिलेल्या वेळी परत यायची, ती २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणींमुळे रांगेत थांबूच न शकणाऱ्यांसाठी ठेवली आहे. निव्वळ गुडघ्यांसाठी मागू नका, आणि खोटं सांगितल्याचं आढळलं तर प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो.

आईशप्पथ

आणि ओल्या पुसण्या दुप्पट न्या. सासूबाईंना कुठे बसवायचं ते आदल्या रात्रीच नकाशावर बघून ठेवा.